व्हिट्रिफाइड टाइलला भोक पाडताना : हॅमर बंद, पाणी चालू

घराची डागडुजी : प्रश्न वाचकांचे

या वेळच्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे : टाइल महागाची, आणि नळापाशी, जाळीपाशी, बोर्डापाशी कपच्या उडालेल्या. आधी एका शब्दाचा उलगडा करू. परदेशी व्हिडिओंत जिला ‘पोर्सेलिन’ म्हणतात, तीच आपल्या दुकानात ‘व्हिट्रिफाइड’ या नावाने मिळते. ग्लेझ्ड, पॉलिश्ड, डबल चार्ज, फुल बॉडी ही सगळी तिचीच भावंडं. तेव्हा खालची उत्तरं या सगळ्यांना लागू आहेत.

प्रश्न : बाथरूमच्या भिंतीला ६०० × १२०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स लावल्या. फरशीवाल्याने नळाच्या जागी ग्राइंडरने फुलीसारखे काप मारले आणि हातोडीने ठोकून भोकं केली. कडा इतक्या खाल्ल्या गेल्या की वॉल मिक्सरची (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाची) फ्लँज, म्हणजे पाइपाभोवतीची झाकणचकती, बसवूनही कपच्या दिसतात. दुसरं बाथरूम अजून बाकी आहे. तिथे कारागिराला नेमकं काय सांगायचं? (ठाणे)

उत्तर : पहिली गोष्ट सांगायची ती ही, की भोक टाइल लावण्याआधी, टाइल आडवी ठेवून पाडायचं. भिंतीवर लावल्यावर पाडता येतं, पण पाणी सांभाळणं अवघड जातं आणि बिट घसरतं. दुसरी गोष्ट, ग्राइंडरची फुली बंद. डायमंड होल सॉ आणा. ही पोकळ नळी असते, तिच्या तोंडाला हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असते. ती टाइलला कापत नाही, घासून झिजवते. हा फरक कारागिराच्या हातात उतरला की निम्मं काम झालं, कारण मग तो जोर लावायचं सोडतो.

माप असं धरा. अर्धा इंची नळाचा आटा बाहेरून सुमारे २१ मिमी भरतो. त्याच मापाचं भोक पाडलं तर पाइप मिलिमीटरभर सरकला तरी टाइल बसणार नाही. २८ ते ३२ मिमीचं बिट घ्या. फ्लँज बहुधा ५० मिमीच्या पुढेच असते, म्हणजे ३२ च्या भोकावरही चारी बाजूंनी ९ मिमी झाकण मिळतं. तरी तुमची फ्लँज आधी हातात घेऊन मापा. काही नव्या डिझाइनच्या फ्लँजा अगदी चिंचोळ्या असतात. वॉल मिक्सरच्या दोन तोंडांत मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी अंतर असतं. मिक्सरचे वाकडे पाय फिरवून थोडा फरक निभतो, म्हणून भोकं मोठी करून ठेवण्याची गरज नाही.

खुणा करताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या स्पेसरच्या, म्हणजे दोन टाइल्समधली फट राखणाऱ्या तुकड्यांच्या. शेजारच्या टाइलच्या कडेपासून पाइपाच्या मध्यापर्यंत माप घेतलं आणि तेच नव्या टाइलवर टाकलं, की भोक स्पेसरच्या २ मिमीने बाजूला जातं. बाजूने आणि खालून, दोन्ही मापांतून स्पेसर वजा करा. त्याहून सोपं म्हणजे पाइपावरच्या डमी प्लगच्या टोकाला ओला खडू किंवा जुनी लिपस्टिक फासा, टाइल पाठीकडून जागेवर धरून हलकेच दाबा. पाठीवर ठसा उमटतो. तो कडांपासून मापून पुढच्या बाजूवर उतरवा. भोक मात्र पुढूनच, म्हणजे चकाकीच्या बाजूने पाडायचं. बिट जिथून बाहेर पडतं तिथे कपची उडते. ती पाठीवर उडू द्या.

आता प्रत्यक्ष काम. टाइलखाली पूर्ण टेकेल असं प्लायवुड किंवा जाड थर्माकोल ठेवा. दोन विटांवर टेकवून मधे अधांतरी ठेवलेली टाइल शेवटच्या क्षणी तडकते. ड्रिलचा हॅमर बंद करा. हातोडीचं चिन्ह सोडून बिटाच्या चिन्हावर खटका आणा आणि कारागिराच्या शब्दावर न राहता स्वतः बघा. वेग कमी. २५ ते ३२ मिमीच्या बिटाला ६०० ते ९०० फेरे मिनिटाला पुरतात. बॅटरीच्या ड्रिलवर पहिला गिअर बहुधा ४००-५०० फेरे देतो आणि दुसरा १५०० च्या वर जातो. दुसऱ्या गिअरवर टाकून खटका अर्धवट दाबला तरी चालतं.

सुरुवात हाच खरा अवघड भाग आहे. या बिटाला मधे टोक नसतं, त्यामुळे सरळ टेकवून सुरू केलं की ते गुळगुळीत पृष्ठभागावर नाचतं आणि भोवती चरे पाडतं. यावर दोन उपाय आहेत. हात बसलेला असेल तर ड्रिल साधारण ४५ अंशांत तिरपं धरून एका कडेने चंद्रकोर कोरायची आणि मग फिरत्या बिटासह हळूहळू उभं करायचं. हात बसलेला नसेल तर प्लायवुडच्या तुकड्याला त्याच बिटाने आधी भोक पाडा आणि तो तुकडा खुणेवर दुहेरी टेपने चिकटवा. बिट त्या भोकात अडकून राहतं. २-३ मिमी चर पडली की प्लाय काढून टाका, नाहीतर पाणी आत पोचत नाही. नुसती मास्किंग टेप लावून बिट थांबत नाही. टेपचा उपयोग पेन्सिलची खूण दिसायला.

पाणी सुरुवातीपासून हवं, धूर निघाल्यावर नव्हे. खुणेभोवती एम-सीलचं किंवा कणकेचंही आळं करा आणि त्यात ५-६ मिमी पाणी ठेवा. किंवा झाकणाला सुईने भोक पाडलेली पाण्याची बाटली मदतनिसाच्या हाती द्या. दर १०-१५ सेकंदांनी बिट किंचित उचलायचं, म्हणजे आतला पांढरा गाळ बाहेर येतो आणि नवं पाणी आत जातं. जोर ड्रिलच्या वजनापेक्षा थोडाच जास्त लावायचा. ९ मिमी जाडीच्या टाइलला चांगल्या बिटाने दोन-तीन मिनिटं लागतात. शेवटच्या २ मिमीला आवाज बदलतो, थोडा पोकळ येतो. तिथे हात आणखी हलका करा. इथेच घाई नडते.

पाइपभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने भरू देऊ नका. नळ उघडता-बंद करताना पाइप किंचित हलतो आणि सिमेंट सुटतं. मग फ्लँजमागून पाणी गिलाव्यात उतरतं. तिथे सिलिकॉन सीलंट भरा. झालेल्या कपच्यांसाठी बाजारात मोठ्या व्यासाच्या जादा फ्लँजा मिळतात. त्या लावणं हा टाइल काढण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग.

प्रश्न : आरसा आणि टॉवेल रॉड लावायला भाल्यासारख्या टोकाचं ‘टाइल बिट’ आणलं. दहा मिनिटं जोर लावला, टाइलवर पांढरा ठिपका पडला आणि बिटाचं टोक निळं झालं. जुन्या घरात याच बिटाने पटापट भोकं पडली होती. बिट नकली निघालं का? (कोल्हापूर)

उत्तर : बिट नकली नाही, टाइल बदलली आहे. जुन्या बाथरूममध्ये असते ती सिरॅमिक वॉल टाइल. तिचं अंग मऊ आणि सच्छिद्र असतं, ती आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. व्हिट्रिफाइड सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली, तिचं पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत. त्या भाल्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं. ते ग्लेझ फोडतं आणि सिरॅमिकच्या मऊ अंगात सहज शिरतं. व्हिट्रिफाइड मात्र आरपार कठीण. टोक बोथट होतं, मग नुसतं घासत राहतं, तापतं आणि निळं पडतं. उरलेला एखादा तुकडा असेल तर उलटा करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका. लगेच जिरला तर सिरॅमिक, तसाच राहिला तर व्हिट्रिफाइड.

तुम्हाला ६ किंवा ८ मिमीचं डायमंड बिट हवं. तेही पोकळ असतं. एवढ्या लहान व्यासाला वेग जास्त चालतो, १५०० ते २००० फेरे. भिंतीवर आळं करता येत नाही, म्हणून कुणीतरी स्प्रे बाटलीने सतत फवारा मारावा आणि खुणेखाली प्लॅस्टिकची पिशवी तोंड उघडं ठेवून टेपने चिकटवावी; पांढरं पाणी तिच्यात जमतं. टाइल संपली की डायमंड बिटाचं काम संपलं. मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये साधं मेसनरी बिट घाला. विटेला हॅमर नको. काँक्रीट असेल तर हॅमर लावा, पण बिट टाइलच्या कडेला टेकणार नाही असं, म्हणजे टाइलमधलं भोक एक माप मोठं असू द्या : भिंतीत ६ चं, टाइलमध्ये ८ चं.

आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही. टाइल बऱ्याचदा भोक पाडताना फुटत नाही, स्क्रू आवळताना फुटते. प्लास्टिकचा गट्टू टाइलच्या तोंडाशी राहिला तर स्क्रूने तो फुगतो आणि टाइललाच ताणतो. गट्टू टाइलच्या जाडीच्या मागे, ३-५ मिमी आत ढकला. स्क्रू लावण्याआधी भोकात सिलिकॉनचा ठिपका सोडा, विशेषतः शॉवरच्या भिंतीवर. भोकाच्या जागी आधी बोटाने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर मागे मसाला नाही, ती जागा सोडा.

नळ आणि गीझर यांच्यामधल्या उभ्या पट्ट्यात, दोन्हीकडे १५० मिमीपर्यंत, भोक नकोच. आत पाइप असतो, आणि सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) असेल तर धातू शोधणाऱ्या साध्या यंत्राला तो सापडतही नाही. नवं काम करणाऱ्यांनी गिलाव्याआधी भिंतीवर टेप पसरून पाइपांचे फोटो काढून ठेवावेत.

प्रश्न : हॉलच्या एका भिंतीवर ८०० × १६०० मिमीच्या पॉलिश केलेल्या टाइल्स आहेत. स्विचबोर्डासाठी चौकोनी काप केला. लावताना सगळं ठीक होतं, दोन दिवसांनी काटकोनातून वरच्या कडेपर्यंत तडा गेला. टाइल खराब होती का? (मडगाव)

उत्तर : तडा काटकोनातून सुरू झाला यातच उत्तर आहे. आतल्या बाजूचा टोकदार कोपरा म्हणजे सगळा ताण एकवटण्याची जागा. त्यातून ग्राइंडरची चकती गोल असल्याने कारागीर कोपरा पुरा व्हावा म्हणून काप कोपऱ्याच्या पुढे नेतो. तो पुढे गेलेला काप हीच तड्याची सुरुवात. मोठ्या टाइलला भट्टीतून थंड होतानाचा ताण आतून असतोच. मसाला सुकताना थोडी ओढ बसली, की तडा जवळच्या कडेकडे धावतो.

चारही कोपऱ्यांवर आधी ८ किंवा १० मिमीच्या डायमंड बिटाने गोल भोक पाडा आणि मग भोकापासून भोकापर्यंत काप द्या. काप भोकात संपतो, कोपरा गोल राहतो. चकती सलग कडेची आणि पातळ घ्या. खाचा असलेली जाड चकती काँक्रीटसाठी असते, ती पॉलिशच्या कडा दातासारख्या करते. पहिला काप फक्त १-२ मिमी खोल, रेघेसारखा, पूर्ण लांबीभर द्या. मग दोन-तीन फेऱ्यांत आरपार जा. काप बॉक्सच्या मापाचा, प्लेटच्या मापाचा नव्हे. प्लेटने सगळीकडून किमान ५ मिमी झाकलं पाहिजे.

जमत असेल तर जागाच बदला. भोकाची कड आणि टाइलची कड यांत २०-२५ मिमीची पट्टी उरत असेल तर ती पट्टी टिकत नाही. अशा वेळी बंद चौकोनाऐवजी कडेपर्यंत उघडी खाच करणं बरं. टाइलच्या मागे मसाल्याचे चार-पाच गोळे ठोकून ती लावली असेल, तर काप कितीही चांगला असला तरी तडा जाऊ शकतो. मोठ्या टाइलला दातेरी थापीने ॲडहेसिव्ह सलग पसरलेलाच हवा, बोर्डाच्या चारी बाजूंना तर नक्कीच.

प्रश्न : नहाणी ट्रॅपसाठी ११० मिमीचं भोक एकाच टाइलमध्ये करायचं आहे. एवढं मोठं बिट विकत घ्यावं का? (नाशिक)

उत्तर : एका-दोन भोकांसाठी नको. घेतलंच तर ते २००-३०० फेऱ्यांवर चालवावं लागतं, ते अडकलं की ड्रिल मनगट पिरगाळतं, आणि बाजूची मूठ न लावता तर ते धरूच नये. जमिनीवर दुसरा मार्ग आहे, कारण वर जाळी येणार. टाइलच्या पाठीवर ११५ मिमीचं वर्तुळ काढा. ग्राइंडरने मध्यातून पिझ्झाच्या तुकड्यांसारखे आठ-दहा काप द्या, पण पुढच्या बाजूने ते वर्तुळाच्या आतच थांबतील असे. पाठीकडून चकती आत जाते तेव्हा पुढचा काप आखूड असतो, पुढून घातली तर लांब, म्हणूनच पाठीकडून. मग पाकळ्या एकेक करून पक्कडीने मोडा आणि चकतीच्या कडेने घासून गोल करा. पकडीने एकदम मोठा घास घेऊ नका.

तरी सगळ्यात चांगलं भोक म्हणजे जे पाडावंच लागत नाही. टाइलची मांडणी करताना ट्रॅप चार टाइल्सच्या जोडावर आणला, तर प्रत्येक टाइलचा फक्त एक कोपरा कापायचा राहतो. जाळी चौकोनी असेल तर भोकही चौकोनी पुरतं. वर चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतार द्यायचा असतोच, तोही या जोडांवरून नीट मिळतो. प्लंबरने ट्रॅप बसवण्याआधी फरशीवाल्याशी बोलायला हवं. आपल्याकडे ते दोघे एका दिवशी क्वचितच भेटतात.

प्रश्न : भाड्याचं घर आहे. भोक टाइलमध्ये पाडू की दोन टाइल्सच्या जोडात? जोडातलं नंतर बुजवता येतं ना? (पुणे)

उत्तर : बुजवता येतं, पण जोड २-३ मिमीचा आणि बिट ६ चं. म्हणजे दोन्ही टाइल्सच्या कडा खाल्ल्या जाणार, आणि कड हाच टाइलचा सगळ्यात नाजूक भाग. जोड बिटापेक्षा रुंद असेल आणि वजन हलकं असेल तरच तिथे पाडा. नाहीतर कडेपासून निदान दोन इंच आत, टाइलमध्ये. घर सोडताना त्याच रंगाचं एपॉक्सी ग्राऊट भरलं तर ६ मिमीचा ठिपका सहज नजरेत येत नाही. घरमालकाला आधी विचारा, हे ओघानेच आलं.

प्रश्न : ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये फिल्टरच्या नळासाठी भोक पाडायचं आहे. टाइलचं बिट चालेल का? आईच्या घरी कडप्पा आहे, तिथे? (सोलापूर)

उत्तर : ग्रॅनाइटला तेच डायमंड बिट चालतं, फक्त जाडी १८-२० मिमी असल्याने वेळ दुपटीहून जास्त, आणि पाणी तेवढंच. बिटाची नळी किती खोल आहे ते आधी मापा. सिंकच्या नळाला ३५ मिमीचं भोक लागतं, पण फिल्टरचा नळ त्याहून बराच बारीक. त्याचा आटा मापून २-३ मिमी मोठं घ्या. सिंकचा काप आणि भोक यांत ५० मिमी तरी दगड राहू द्या. कडप्पा मऊ असतो, पण थरांचा. खालून बिट बाहेर पडताना पापुद्रा सुटतो. खाली लाकडी ठोकळा घट्ट टेकवून धरा.

प्रश्न : नव्या डायमंड बिटाने चार भोकं झरझर पडली, पाचव्याला ते नुसतं फिरत राहिलं. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : स्वस्त बिटांवर हिऱ्याच्या कणीचा एकच थर निकेलच्या मुलाम्याने बसवलेला असतो. तो थर गेला की बिट संपलं, आणि कोरडं चालवलं तर तो दोन भोकांतही जातो. पण आधी तपासा. कड बोटाला खरखरीत लागत असेल तर कणी शिल्लक आहे, फक्त तोंडाशी टाइलचा गाळ भाजून बसला आहे. साध्या लाल विटेत पाणी घालून बिट पाच-दहा सेकंद फिरवा, गाळ निघून जातो. कड गुळगुळीत असेल तर टाकून द्या. नळीत अडकलेली गोल चकतीही दर भोकानंतर काढायची. बाजूच्या खाचेतून स्क्रू-ड्रायव्हरने ढकला. ती आत राहिली तर पुढचं भोक अर्ध्यावर अडतं.

ग्राइंडरला लावायचे ब्रेझ्ड (कणी वितळलेल्या धातूने जोडलेले) बिट जास्त टिकतात आणि कोरडे चालतात, पण त्यांचा आटा बहुधा एम १४ असतो. आपल्याकडच्या ४ इंची ग्राइंडरचा दांडा एम १०. दुकानातून निघण्याआधी मशीनवर फिरवून बघा.

प्रश्न : पाणी आणि वीज एकत्र, भीती वाटते. कोरडंच पाडलं तर फक्त धूळ होईल ना? (डोंबिवली)

उत्तर : ती धूळ ‘फक्त’ नाही. व्हिट्रिफाइडच्या अंगात क्वार्ट्झ असतो. कोरड्या कापात त्याचे अतिसूक्ष्म कण उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात, आणि रोज हेच काम करणाऱ्या कारागिराला सिलिकोसिस होऊ शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते कण अडत नाहीत. एन ९५ मास्क लागतो. तुमच्या घरी काम करणाऱ्याला तो तुम्ही आणून दिलात तर खर्च किरकोळ आहे.

विजेचं म्हणाल तर भोकांसाठी बॅटरीचं ड्रिल वापरा, प्रश्नच मिटतो. वायरचं मशीन असेल तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (विजेची गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून) येणाऱ्या प्लगवरच लावा आणि तिचं टेस्ट बटण आधी दाबून बघा, खटका पडला पाहिजे. एक्स्टेन्शनचा बोर्ड जमिनीवर नको, स्टुलावर ठेवा. पाणी भोकापाशी थेंबाथेंबाने सोडायचं, मशीनवर ओतायचं नाही. डोक्याच्या वरच्या उंचीला भोक पाडायचं असेल, तर ओला स्पंज बिटाखाली भिंतीला दाबून धरा आणि हातमोजे ढगळ घालू नका. फिरत्या बिटात बोट गुंतायला तेवढं कापड पुरतं.